काचेतलं पाणी

सव्वीस वर्षं मी लालबागच्या एका गिरणीत बॉयलर सांभाळला. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे, माझ्या गेलेल्या बायकोच्या, बेबीच्या फोटोशेजारी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण एखाद्या अडाणी म्हाताऱ्यानं चुकून भलतंच बटण दाबलं असं कुणाला वाटायला नको. मला पाणी कळतं, पंप कळतो, वाफ कळते. मी जे केलं ते सगळं कळत असताना केलं, आणि वाईट तेच आहे.

मेघना माझी मुलगी. वय चौतीस, लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल चाळीतल्या बायका मला विचारतात, तिला विचारायची त्यांची छाती होत नाही. दादरच्या एका विमा ऑफिसात तिनं नऊ वर्षं काढली आणि चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी बसली. घरी बसली म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसली. मी लोकांना सांगायचो, कार्टून काढते. ती चिडायची, अ‍ॅनिमेशन म्हण, म्हणायची. बारा मिनिटांचा सिनेमा, त्याला चार वर्षं लागली, आणि तो तिच्या आईवर होता.

गिरणी बंद पडल्यावर बेबीनं याच खोलीत खाणावळ चालवली. दोन वेळा अठ्ठावीस माणसं जेवून जायची. त्या दिवसांत मी काय करत होतो ते सिनेमात नाही, याबद्दल मी पोरीचा आभारी आहे. शेवटच्या प्रसंगात बेबी भाताच्या टोपावरचं झाकण काढते, वाफेनं खोली भरून जाते, आणि वाफ विरते तेव्हा बेबी तिथं नसते. चाळीस सेकंदांचा प्रसंग. त्यातल्या वाफेचा दोन सेकंदांचा नमुना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी म्हटलं, वाफ चुकलीय. खरी वाफ दिसत नाही. दिसतं ते तिचं थंड होऊन झालेलं पाणी, म्हणून टोपाच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसली पाहिजे. तिनं महिनाभर खपून ती बोटभर जागा केली. सिनेमाच्या शेवटी नावं येतात ना, तिथं तिनं माझं नाव घातलं: वाफेविषयी सल्ला, कुशाबा. मी दोन दिवस वर मान करून चाळीत फिरत होतो.

हा सिनेमा फ्रान्समधल्या एका संस्थेला पाठवायचा होता. त्यांची दोन वर्षांची फेलोशिप, राहणं, शिकणं, काम सगळं तिथंच. दोन अटी होत्या: सिनेमा पूर्ण हवा आणि वय पस्तीसच्या आत हवं. पुढच्या महिन्यात तिला पस्तीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर पुढच्या वर्षी असं काही नव्हतंच. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला त्यांची वेबसाइट बंद होणार होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी लपवाछपवी केल्यासारखं होईल. अठराव्या वर्षी तिचं चित्रकलेच्या कॉलेजात नाव लागलं होतं. यादी मीच बघून आलो आणि मीच घरी येऊन सांगितलं की जायचं नाही. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय, असं काहीबाही बोललो. ती निमूटपणे कॉमर्सला गेली. बेबी दोन महिने माझ्यापुढे ताट आदळत होती. पोरीनं मात्र सोळा वर्षांत तो विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तिचं मशीन तिनं स्वतः बांधलं होतं, काही भाग नवे, काही कुणाचे वापरलेले. आधी त्याला पंखे होते. दहा बाय बाराच्या खोलीत ते दिवसभर घोंघावायचे आणि माझी खाट टेबलाला लागून. मी कुरकुर केली म्हणून तिनं ते पाण्यावर थंड होणारं केलं. आत एक पंप, नळ्या, वरच्या बाजूला मोटारीला असतो तसा रेडिएटर, आणि सगळ्याला पाणी पुरवायला एक उभी पारदर्शक टाकी. पाणी गरम भागांवरून फिरतं, उष्णता उचलतं, ती रेडिएटरमध्ये सोडून पुन्हा टाकीत येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. हा तर माझाच बॉयलर, उलट कामाला लावलेला.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा पंप गेला. मशीन तापलं आणि आपणहून बंद पडलं. तेव्हा ती त्या वाफेच्या प्रसंगाचं शेवटचं काम लावायच्या तयारीत होती. पंप आणि टाकी एकाच तुकड्यात होती, म्हणजे दोन्ही बदलणं आलं. शुक्रवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधीच ती लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन उभी राहिली. हवी होती तेवढी टाकी कुणाकडे नव्हती. माटुंग्याला, वडाळ्याला फोन झाले. शेवटी आधीच्या निम्मी, जेमतेम वीतभर उंचीची टाकी घेऊन ती दुपारी घरी आली, घामानं निथळत, आणि न जेवता कामाला बसली.

मी म्हटलं, मी धरतो, तू आवळ. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

टाकी पंपाच्या वर हवी. पंपाचं तोंड सतत पाण्यात बुडालेलं हवं. परतीची नळी पाण्याच्या खाली उघडली पाहिजे, नाहीतर पाणी वरून पडतं आणि हवा घेऊन जातं. हे सगळं ती व्हिडिओ बघून शिकली होती, मी बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपावर शिकलो होतो, आणि दोघांचं एकच निघालं. पाणी कुठलं घालणार, मी विचारलं. डिस्टिल्ड, केमिस्टकडून आणलंय, म्हणाली. बरोबर आहे. नळाचं पाणी क्षार धरतं, बॉयलरच्या आतला तो क्षार मी छिन्नीनं फोडलेला आहे. असं बोलत बोलत आम्ही काम करत होतो. तिच्याबरोबर कुठलंही काम करायची ती माझी पहिलीच वेळ.

मग पाणी भरायचं. पॉवर सप्लायच्या प्लगमध्ये तिनं कागदाची क्लिप वाकवून खोचली, म्हणजे फक्त पंप चालेल, बाकीचं मशीन झोपलेलं राहील. मागच्या बाजूला सगळ्या मशीनची वीज चालू-बंद करणारं एक काळं बटण होतं, त्यावर तिनं मला बसवलं. ती टाकी भरून म्हणायची, चालू. मी बटण दाबायचो, पंप टाकीतलं पाणी नळ्यांत ढकलायचा, टाकी रिकामी होत आली की ती म्हणायची, बंद. पंप कोरडा चालू द्यायचा नाही, कोरडा चालला की जातो. पुन्हा भरायचं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. वीसेक वेळा तरी झालं असेल. शेवटी शेवटी ती तोंड उघडायच्या आधीच मी पाणी बघून बंद करत होतो.

“बाबा, भारी आहेस तू,” ती म्हणाली.

मला तिनं याआधी असं काही म्हटल्याचं आठवत नाही. मी नुसतं हं केलं आणि काळं बटण पुसलं.

हवा निघावी म्हणून आम्ही मशीन इकडे कलतं केलं, तिकडे कलतं केलं. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवला आणि रात्रभर पंप तसाच चालू दिला. सकाळी सगळे कागद कोरडे. शनिवारी सहाला तिनं खऱ्या कामाला सुरुवात केली. वाफेचा हिशेब मशीनला पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सलग करावा लागतो. वाफ आत्ता कुठं आहे ते आधी कुठं होती त्यावरून ठरतं, त्यामुळे मध्ये तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. दहा तास लागणार होते. चारला संपणार, तासाभरात सिनेमाला जोडायचं, साडेपाचच्या आत पाठवायचं. चहा पिऊन येण्याइतकीही सवड त्यात नव्हती.

आता मनमोहनचं सांगतो. मनमोहन माझा पाळीतला जोडीदार, कणकवलीकडचा. बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. बॉयलरवाल्याला दुसरं काही आलं नाही तरी चालेल, ती काच बघता आली पाहिजे. आणि काचेतून पाणी दिसेनासं झालं तर नियम एकच: पाणी सोडायचं नाही. आतला पत्रा कोरडा तापलेला असतो, त्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ होते आणि बॉयलर फुटतो. आधी आग बंद करायची, बाकी सगळं मागाहून. चौऱ्याण्णव साली एका दुपारी काच बघायची पाळी माझी होती आणि मी डबा धुवायला गेलो होतो. परत येतोय तोवर मनमोहननं रिकामी काच पाहिली, घाबरला, आणि पाणी सोडलं. तो नऊ दिवस जगला. त्यानंतर दहा वर्षं मी त्या काचेसमोरून नजर हलवली नाही, आणि दोनदा काच रिकामी झाली तेव्हा दोन्ही वेळा माझा हात आपसूक बर्नरच्या बटणावर गेला. साहेबांनी शाबासकी दिली होती.

शनिवारी दीड वाजता मेघनाचे डोळे मिटायला लागले. दोन रात्री ती झोपली नव्हती. मी तिला डाळभात खायला लावला आणि जरा पड म्हटलं, टाकी मी बघतो. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

“रेडिएटरच्या कोपऱ्यात अजून हवा अडकलीय. ती सुटली की टाकीतलं पाणी एकदम खाली जाईल. घाबरायचं नाही, बाबा. झाकण उघडायचं आणि ओतायचं, बस. काही वाटलं तर मला उठव.”

मी म्हटलं, कळलं गो. झोप तू.

ती चटईवर आडवी झाली, माझ्या पायापासून दोन हातांवर. मी स्टुलावर बसून टाकी बघत राहिलो. पडद्यावर काम किती टक्के झालं त्याचा आकडा हळूहळू वाढत होता. एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी. मला खरंच बरं वाटत होतं. पोरगी विश्वासानं झोपली होती आणि मी तिच्या कामाची राखण करत होतो. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी मशीनच्या वरच्या भागात गुळणी केल्यासारखा आवाज झाला आणि टाकीतलं पाणी खाली गेलं. निम्मं नाही, सगळंच. टाकी लहान होती, हवेचा गोळा मोठा असणार. पंप खरखरला. मशीन गरम होतं, आकडा ब्याऐंशीवर होता, झाकण मी आधीच सैल करून ठेवलं होतं आणि उघडी बाटली माझ्या डाव्या हातात होती. ओत, हे मला ऐकू येत होतं. मेघनाच्या आवाजात ऐकू येत होतं. पण समोरची काच रिकामी होती. माझा उजवा हात मागे गेला आणि त्यानं काळं बटण दाबलं.

सगळं शांत झालं.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबल्यावर येते. मेघना ताडकन उठून बसली. आधी पडद्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग खाली वाकून सांध्याखालचे टिश्यू पेपर एकेक करून चाचपले. सगळे कोरडे. माझा हात तोवर पुढे आला होता. तिनं माझ्या हातातली बाटली घेतली, टाकी भरली, मागे हात घालून बटण दाबलं, ते आधीच कुणी बंद केलेलं होतं हे तिनं बघितलंही नाही, आणि मशीन सुरू झालं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. पंप नीट चालत होता.

तिनं ती वाफेची फाइल उघडायला घेतली. उघडली नाही. दुसऱ्या तऱ्हेनं उघडून पाहिली, तिसऱ्या तऱ्हेनं पाहिली. लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे ती आतून फाटली होती. आठ तासांचं काम होतं. पुन्हा करायचं तर दहा तास, आणि हातात तीन तास वीस मिनिटं.

मग ती बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. म्हणाली, माझंच चुकलं. हवा नीट काढलीच नाही मी. आणखी तासभर हलवायला हवं होतं, घाई केली. तापलं असणार म्हणून पडलं बंद. झोपायलाच नको होतं. मी मूर्ख आहे, मी पहिल्यापासून मूर्ख आहे. ती कपाळावर तळहात मारून घेत होती आणि मी स्टुलावर बसून ऐकत होतो. दर वेळी ती माझंच चुकलं म्हणाली की माझं तोंड उघडायचं आणि मिटायचं. का बोललो नाही? घाबरलो. एकोणसत्तर वर्षांचा बाप आपल्या पोरीला घाबरला, एवढंच त्याचं कारण आहे.

तिनं वाफ जाडीभरडी करून पाहिली. पाच तास दाखवत होतं. आणखी जाडी केली, तर टोपातून कापसाचे बोळे निघाल्यासारखे दिसायला लागले, आणि तेही पावणेसातला संपणार होते. ओळखीच्या दोघातिघांना फोन केले, कुणाकडे मोठं मशीन आहे का. एकाकडे होतं, माहीमला, पण तो गावी गेलेला आणि खोलीला कुलूप. फोनवर ती आवाज नीट ठेवून बोलत होती. फोन ठेवला की ओढणीनं तोंड दाबून रडायची, मग पुढचा नंबर लावायची. चारनंतर फोन करायलाही कुणी उरलं नाही.

मग एक वाट उरली. त्या प्रसंगाचा कच्चा नमुना तिच्याकडे होता, करडा, रंग नसलेला, वाफेशिवायचा. बेबी झाकण काढते, काही होत नाही, आणि बेबी नाहीशी होते. तो जोडून सिनेमा बारा मिनिटांचा झाला. पाचपर्यंत तो वेबसाइटवर चढलासुद्धा. नाव, जन्मतारीख, सगळं भरून झालं. शेवटी एक चौकोन होता. त्याच्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं, ते तिनं मला वाचून दाखवलं: मी प्रतिज्ञेवर सांगते की ही कलाकृती पूर्ण झालेली आहे. त्या चौकोनात खूण केल्याशिवाय पुढचं बटण दाबलं जात नव्हतं.

मी म्हटलं, कर खूण. त्यांना काय कळतंय? त्यांना वाटेल असाच आहे सिनेमा. तू मुद्दाम असा केलास असं वाटेल.

“मला कळतंय ना,” ती म्हणाली.

मी विनवण्या केल्या. मी, ज्यानं कधी युनियनवाल्यांपुढे हात जोडले नाहीत, तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, चार वर्षं आहेत गो ही, एका टिचभर चौकोनासाठी घालवू नकोस. ती म्हणाली, आईचा शेवटच तर झालेला नाही, बाबा, मी पूर्ण आहे असं कसं लिहू? तिनं माउसवर हात ठेवला होता. मला वाटत होतं करेल, आता करेल. पाच सत्तावीस झाले, अठ्ठावीस झाले. तिचं बोट हललं नाही. साडेपाचला पान आपोआप बदललं आणि फेलोशिपचे अर्ज बंद झाल्याची एक ओळ आली. तिनं ती ओळ वाचली, माउसवरचा हात काढून मांडीत ठेवला.

खाली कुणीतरी बादलीत नळ सोडला होता. खोलीत दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

तेव्हा मी सांगितलं. फार बोलता आलं नाही. म्हटलं, मशीन आपोआप बंद पडलं नाही. काच रिकामी दिसली आणि मी बटण दाबलं. तू सांगितलेलं मला आठवत होतं. बाटली हातात होती. तरी दाबलं. म्हटलं, त्या वेळी कॉलेजात जाऊ दिलं नाही, आणि आज हे. दोन्ही मीच केलं.

मी वाट बघत होतो की ती ओरडेल. माझी तयारी होती. बेबीसारखं काहीतरी आदळावं, सोळा वर्षांचं सगळं एकदम बाहेर काढावं, घरातून चालता हो म्हणावं, मी गेलो असतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते. मग तिनं तोंडावरून हात फिरवला, उठली, आणि माझ्या खाटेवरची चादर उगाचच नीट करायला लागली.

“बरं केलंस तू,” चादरीकडेच बघत ती म्हणाली. “पंप कोरडा चालला असता तर जळाला असता. मग सगळंच गेलं असतं. तू बंद केलंस म्हणून पंप तरी वाचला.”

सव्वीस वर्षं पंपांवर काढलेल्या माणसाला ती हे सांगत होती. कोरडा पंप दोनचार क्षणांत जळत नाही. बाटली ओतायला तेवढेही लागले नसते. हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. आपल्या आयुष्यासाठी जिच्या हातून एका चौकोनात खोटी खूण झाली नाही, ती माझी पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि त्यासाठी तिला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

मी म्हटलं, “हो. पंप वाचला.”